कान्हेरीतलं गाऱ्हाणं

नातवंडं घरी आली की सहदेवच्या अंगात वीस वर्षांचा पोरगा संचारतो, आणि त्या पोराच्या मागे धावता धावता सुगंधाच्या गुडघ्यांची वाट लागते, हे त्यांच्या कांजूरमार्गच्या अख्ख्या इमारतीला ठाऊक होतं. यंदा तर पोरी तीन वर्षांनी आल्या होत्या, थेट ऑकलंडहून. थोरली ऋतिका बारा वर्षांची, धाकटी इरावती सहा वर्षांची. तिला सगळे इरा म्हणत. मुलगा सुबोध आणि सून श्वेता आठ दिवसांसाठी श्वेताच्या माहेरी नाशिकला गेले आणि पोरी आजी-आजोबांच्या ताब्यात आल्या. सहदेवने लगेच कॅलेंडरच्या मागच्या बाजूला यादी केली. घारापुरी, शिवचा किल्ला, महाकाली लेणी, कान्हेरी. रोज एक.

"अवो, पोरी सुट्टीक इल्यात, शाळेत न्हय," सुगंधा म्हणाली.

"तेंका कळाक नको आपला मूळ?" सहदेव म्हणाला. खरं तर त्याचं स्वतःचं मूळ मालवणाजवळच्या एका वाडीत होतं आणि लेण्यांशी त्याचा संबंध एवढाच, की तिथे तिकीट स्वस्त असतं. पण सांगायचं कुणी? तरुणपणी गिरणीच्या खडखडाटात बोललेला माणूस, गिरणी बंद पडून चाळीस वर्षं झाली तरी त्याचा आवाज काही खाली आलेला नव्हता.

आवाजावरून आठवलं. सहदेवची खरी मिजास होती ती गाऱ्हाण्याची. कोकणातल्या माणसाला सांगायला नको, पण इतरांसाठी सांगतो. देवापुढे उभं राहून एकाने मोठ्याने मागणं मागायचं आणि जमलेल्यांनी प्रत्येक वाक्याला एकसाथ "व्हय म्हाराजा!" म्हणायचं. तो होकार मिळाला की मागणं पुरं झालं. होकार नाही, तर गाऱ्हाणं नाही. सहदेवच्या वडिलांचा गावात गाऱ्हाण्याचा मान होता. सहदेवने तो मान कांजूरमार्गला आणला. सोसायटीच्या सत्यनारायणाला गाऱ्हाणं, नव्या पाण्याच्या टाकीला गाऱ्हाणं, लिफ्ट दुरुस्त झाली तेव्हा तर लिफ्टपुढे उभं राहून गाऱ्हाणं. गुजराती शेजारीसुद्धा हौसेने "व्हय म्हाराजा" म्हणत. इराला ते भारी आवडलं होतं. मराठी कळायची तिला, पण उत्तर इंग्रजीत द्यायची. मराठीतले तिच्या तोंडात बसले ते हे दोनच शब्द.

गुरुवारी कान्हेरीचा नंबर लागला. सुगंधाने पहाटे उठून घावणे घातले, खोबऱ्याची चटणी केली, काकड्या चिरल्या. लिंक रोडवरून टॅक्सीने बोरिवली, उद्यानाच्या फाटकापासून बसने आत, आणि मग पायऱ्या. जानेवारीचं ऊन मऊ होतं. मोठ्या चैत्यगृहात शिरल्यावर सहदेवसुद्धा दोन मिनिटं गप्प झाला. उंच बुद्धमूर्तीपुढे त्याने चप्पल काढून हात जोडले, पोरींना जोडायला लावले, आणि मग दोन हजार वर्षांचा इतिहास पाच मिनिटांत सांगितला.

"आबा, बोर्डवर वेगळं लिहिलंय," ऋतिका म्हणाली.

"बोर्डवाल्याला काय माहीत? तो काय होता तिथे?"

"तुम्ही होता?"

"मी नाय, पण मी म्हातारा आहे. बोर्ड परवाचा आहे."

पोरी खिदळल्या. सुगंधाही हसली. त्या क्षणी तिला मनापासून वाटलं की घड्याळ इथेच थांबावं. मंगळवारी विमान होतं. पुढची भेट पुन्हा तीन वर्षांनी, आणि सहदेवला त्र्याहत्तरावं लागलं होतं. हा हिशेब दोघंही मनातल्या मनात करत आणि एकमेकांना सांगत नसत.

खालच्या लेण्यांत माकडांचा धुमाकूळ होता. ऋतिकाच्या हातातली काकडी एकाने अलगद काढून नेली. म्हणून मग ते वर चढत गेले, माणसांची वर्दळ संपली तिथवर. डोंगराच्या पाठीवर, करवंदीच्या जाळीआड एक लहानशी गुहा होती. तिच्यावर नंबर रंगवलेला नव्हता. दोन पायऱ्या खाली उतरून अरुंद ओटी, दोन ओबडधोबड खांब, आणि मागे एक खोली. खोलीत दगडाचाच झोपायचा ओटा असावा, पण काळोखामुळे नीट दिसत नव्हता. बाहेर एवढं ऊन, तरी आत मात्र मडक्यातल्यासारखा गारवा. ओल्या दगडाचा वास येत होता, आणि त्यात मिसळलेला आणखी एक, नुकत्याच विझवलेल्या वातीचा. कुणी भाविक येऊन गेला असेल, असं सुगंधाला वाटलं. माकडं तिथे एकही नव्हती. हे तिला फार बरं वाटलं.

घावणे संपले. इराने आजोबांच्या मांडीवर डोकं टाकलं.

"आबा, do the लिफ्ट thing!"

सहदेवला कुणी सांगायचाच अवकाश असतो. तो उठला, टोपी सारखी केली, त्या काळोख्या खोलीकडे तोंड करून हात जोडले आणि आवाज लावला.

"बा देवा म्हाराजा! जो कोण ह्या डोंगराचो मालक-चालक आसशीत, तेका हात जोडून गाऱ्हाणा घालतंय रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आजी आणि दोघी नाती ओरडल्या. दगडी खोलीने त्यांचा आवाज परत दिला. पोरींना मजा वाटली.

"ही दोनव चेडवां सात समुद्र वलांडून आज्या-आजयेक भेटाक इली. तेंच्या वाटेत जी काय इडा-पिडा आसात ती बारा वाटांनी भायर घाल रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

इथे थांबला असता तर ही गोष्टच झाली नसती. पण सहदेवने पायाशी उभ्या असलेल्या इराकडे पाहिलं, तिच्या डोक्यावर हात ठेवला, आणि त्याचा आवाज एकदम हळवा झाला.

"आनी ह्या दोघांतला येक तरी चेडू कायमचा हंयच ऱ्हवांदे रे म्हाराजा! तुझो जो काय मान आसात, तो तुका देतलंव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" पोरी ओरडल्या. त्यांना काय कळणार? सुगंधा मात्र या वेळी गप्प राहिली. एक पोरगी कायमची इथेच राहू दे, असलं मागणं तिला रुचलं नाही. पोरींच्या आवाजाचा पडसाद विरला. आणि मग, कुणी काही म्हटलेलं नसताना, आतल्या काळोखातून सावकाश, खालच्या सुरात एकच आवाज आला.

"व्हय... म्हाराजा."

"बघा! मान्य झालां!" सहदेव टाळी वाजवून हसला.

"एको आहे, आबा," ऋतिका म्हणाली. पण बोलता बोलता तिने इराचा हात धरला, आणि लगेच सोडला. "केवढा गार हात आहे तुझा!"

घरी येताना इरा टॅक्सीत एक शब्द बोलली नाही. दमली असेल, म्हणून सगळ्यांनी सोडून दिलं.

शुक्रवारी सकाळी सुगंधाने तिला दुधाचा पेला दिला. रोज या दुधावरून घरात महायुद्ध होई. इराने पेला दोन्ही हातांनी घेतला, एका दमात संपवला आणि खाली ठेवला.

"आजी, तू बस. पेलो मी धुतंय," ती म्हणाली.

सुगंधाच्या हातातला चमचा पडला. सहदेव तर आनंदाने वेडाच झाला. पोरगी मालवणी बोलायला लागली! तीसुद्धा अशी, की वाडीतल्या चुलीपाशी वाढल्यासारखी! त्याने नाशिकला व्हिडिओ कॉल लावून मुलाला दाखवलं, खालच्या मजल्यावर जाऊन सांगून आला. सुबोधही हसला. "आबा, चार दिवसांत केलंत ना पोरीचं मालवणीकरण!" म्हणाला. त्या दिवशी इराने सांगितलेली प्रत्येक गोष्ट केली. आंघोळ कर. जेव. झोप. प्रत्येक वेळी ती मान खाली घालून म्हणायची, "व्हय म्हाराजा." पहिल्या पाच-सहा वेळा सगळे हसले.

शनिवारी दुपारी सुगंधा गॅलरीत तांदूळ निवडत बसली होती. ऋतिका येऊन तिला खेटून बसली. बारा वर्षांची घोडी, मोठेपणा मिरवणारी, पण आज रडवेली.

"आजी, इरा माझ्याशी भांडत नाहीये."

"अगं, मग बरंच की."

"नाही ना! मी मुद्दाम तिचा टॅब घेतला. तिचं चॉकलेट खाल्लं. तिचे केससुद्धा ओढले. ती नुसती बघते. आणि आजी, मी तिला तिच्या टीचरचं नाव विचारलं. तिला येत नाही." तिने आजीच्या पदरात तोंड लपवलं. "ती इरा नाहीये असं मला वाटतं... मम्मीला सांगू नको ना प्लीज, ती मला वेडी म्हणेल."

सुगंधाने तिला जवळ घेतलं, थोपटलं आणि आत गेली. इरा खोलीत भिंतीकडे तोंड करून ताठ बसली होती. खिडकीतून ऊन थेट तिच्या अंगावर पडत होतं. सुगंधाने तिचा हात हातात घेतला. उन्हातला तो हात थंडगार होता, आणि त्याला विझलेल्या वातीचा वास येत होता.

"बाय माझी," सुगंधा हळूच म्हणाली, "मंगळवारी विमानात बसायचं ना? घरी जायचं ना मम्मी-पप्पांबरोबर?"

"मी जावचंय नाय," इरा म्हणाली. आवाजात हट्ट नव्हता, रडू नव्हतं. "माका हंयच ठेवलेला आसा."

"कोणी ठेवलं गं?"

"आबांनी मागल्यानी... तेनी व्हय म्हटल्यान."

समोरच्या दारातली नंदा बँकेत नोकरी करणारी, हुशार बाई. दर बुद्धपौर्णिमेला ती घरच्यांना घेऊन कान्हेरीला जायची. सुगंधाने तिला सहज विचारावं तसं विचारलं, तिथे काही मागितलं तर काय होतं गं? नंदा हसली.

"काकू, बुद्धाकडे कुणी काही मागत नाही हो. आम्ही मेणबत्ती लावतो, शांत बसतो, उठून येतो." मग सुगंधाचा चेहरा बघून तिचं हसू मावळलं. "तुम्ही कुणाकडे मागितलंत?"

तेच तर कुणाला माहीत नव्हतं. सुगंधाला सासऱ्यांचे शब्द आठवले. म्हातारा म्हणायचा, आधी देवाचं नाव घ्यावं, गावाची सीमा सांगावी, मग तोंड उघडावं. पाकिटावर पत्ता नसला की पत्र कुणीही उघडतं. आणि वाडीत जन्मलेल्या, वडिलांच्या मांडीवर गाऱ्हाणं शिकलेल्या या शहाण्याने थट्टेच्या भरात नावच घेतलं नव्हतं. जो कोण आसशीत!

तिने सहदेवला स्वयंपाकघरात गाठलं आणि सगळं सांगितलं. तिला वाटलं होतं की तो तिलाच वेड्यात काढील. तो नुसता पाटावर बसला.

"माका कालच कळला होता," तो म्हणाला. "पन गोड लागत होता गे. चेडू माझ्या भाशेत बोलता, माका सोडून जावचा नाय म्हणता... म्हटलंय, आसांदे." त्याने डोळे पुसले. "आनी थट्टेत नाय मागलंय मी. मनापासून मागलंय. तां चुकला."

सुगंधाने त्याला बोल लावला नाही. तिच्याही मनात तेच होतं की! फरक एवढाच, की तिला गाऱ्हाणं घालता येत नव्हतं.

घातलेलं गाऱ्हाणं परत घ्यायचं तर जिथे घातलं तिथेच जायला हवं. रविवारी सकाळी दोघी पोरींना नंदाकडे ठेवून म्हातारा-म्हातारी निघाली. सुगंधाने नारळ घेतला, विड्याची पानं घेतली. तिच्या गुडघ्यांनी त्या दिवशी एकदाही कुरकुर केली नाही. खाली रविवारची जत्रा होती, फोटो काढणारी कॉलेजची पोरं, सहली, भेळ. वर चढत गेलं तसे आवाज मागे राहिले. करवंदीच्या जाळीशी आल्यावर पाखरंसुद्धा गप्प झाली.

गुहा तशीच होती. गारवा तसाच, वास तसाच... फक्त आज तो वास जास्त ताजा होता. त्यांनी पाऊल ठेवताच कुणीतरी फुंकर मारून दिवा विझवावा, इतका ताजा.

सहदेवने नारळ ठेवला. या वेळी त्याने सगळं रीतीने केलं. गावच्या रामेश्वराचं नाव घेतलं, वाडीची सीमा सांगितली, वडिलांचं नाव सांगितलं. मग खोलीच्या अगदी तोंडाशी जाऊन त्याने हात जोडले.

"त्या दिवशी ह्या म्हाताऱ्यान येडावाकडा तोंड उघडल्यान रे म्हाराजा. तां माझा चुकला. चेडू माका नको..." त्याने पुन्हा सुरुवात केली. "चेडू माका नको रे म्हाराजा! तेका तेच्या आवशी-बापाशीकडे जावंदे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सुगंधा जिवाच्या आकांताने म्हणाली.

आतून काही नाही. पडसादसुद्धा नाही. तिचा शब्द त्या काळोखाने गिळून टाकला.

सहदेवने दुसऱ्यांदा मागितलं. तिसऱ्यांदा मागितलं. चेडू माका नको, चेडू माका नको. ज्या नातीच्या फोनसाठी हा माणूस दर रविवारी पहाटे पाचला आंघोळ करून बसायचा, तो घसा खरवडून सांगत होता की मला ती नको. सुगंधाला ते बघवेना. तिच्या मनात आलं, एवढं खोटं तर कुणालाही ऐकू जाईल.

कदाचित त्यालाही तेच वाटलं असावं. तो थांबला. मागे वळून त्याने बायकोकडे बघितलं, थोडं हसला. सुगंधाला त्या हसण्याचा अर्थ कळला.

"नाय हां... अवो... तां बोला नको..."

"तुझो मान चुकलेलो आसात, तर तो माझ्याकडसून घी रे म्हाराजा," सहदेव शांतपणे म्हणाला. त्याचा आवाज आयुष्यात पहिल्यांदाच खाली आला होता. "चेडवाक सोड. तेच्या जाग्यार माका ठेव रे म्हाराजा."

सुगंधाने पदराचा बोळा केला आणि दातांत घट्ट धरला. होकार नाही, तर गाऱ्हाणं नाही. ती होकार देणार नव्हती. कुणी मान कापली असती तरी देणार नव्हती.

"व्हय... म्हाराजा."

खोलीच्या आतून आला तो आवाज. बाईचा होता. थोडा बसका, थोडा थकलेला. सुगंधाने तो लगेच ओळखला, कारण तो तिचा स्वतःचा होता.

तोंडात पदर तसाच होता. आणि त्याच क्षणी कमरेला खोचलेला फोन वाजला. ती दचकून ओरडली. रेंज धड येत नव्हती म्हणून ती धडपडत पायऱ्या चढून उन्हात आली. पलीकडे नंदाच्या घरात कल्लोळ चालला होता.

"आजी! ती मला चावली!" ऋतिका रडत होती आणि हसतही होती. "अगं खरंच, रक्त आलंय! मी तिचा टॅब घेतला ना, तर ती... आजी, शी इज बॅक, यार!" मागून इराचं गळा काढून भोकाड आणि इंग्रजीतल्या शिव्या ऐकू येत होत्या. हसावं की रडावं ते सुगंधाला कळेना, म्हणून तिने दोन्ही केलं.

फोन ठेवून तिने वळून पाहिलं. सहदेव रुमालाने तोंड पुसत गुहेच्या पायऱ्या चढत होता. धडधाकट, अख्खा. तिने त्याच्या दंडाला धरलं, चाचपून बघितलं. त्याने तिच्या हातातली पिशवी घेतली.

"चल," तो म्हणाला.

उतरताना सगळी वाट त्याने तिचा हात धरला होता.

मंगळवारी विमानतळावर इराने तमाशा केला. आजोबांच्या पायाला मिठी मारली, सोडेना. मग एकदम वर त्यांच्या तोंडाकडे बघितलं, मिठी सोडली आणि गपचूप आईच्या कडेवर जाऊन बसली. दर वेळी नातींना निरोप देताना सहदेव असा हंबरडा फोडी की पोलीस येऊन पाणी विचारत. या वेळी तो नुसता हसून हात हलवत राहिला. सुगंधाला वाटलं, चला, म्हाताऱ्याला शहाणपण आलं. एवढं सगळं झाल्यावर येणारच.

बुधवारी आमटीत मीठ पडायचं राहिलं. तो मुकाट्याने जेवला. गुरुवारी तिने टीव्हीवर मालिका लावली, त्याने बातम्यांसाठी रिमोट मागितला नाही. घर कसं शांत झालं होतं. फार शांत. सुगंधाने स्वतःला बजावलं की नातींच्या गोंगाटानंतर असं वाटतंच.

शुक्रवारी दुपारी दोनच्या सुमारास अनोळखी नंबरवरून फोन आला. ऑकलंडचा असेल म्हणून तिने घाईने उचलला.

"काकू, मी नितेश बोलतोय, कान्हेरीवरून. सिक्युरिटीत आहे मी. तुमचे मिस्टर इथे वरच्या एका गुहेत बसलेत. करवंदीच्या मागे. उठायलाच तयार नाहीत हो. तुमचा नंबर त्यांनीच दिला. तब्येत बरी नाही वाटत, तुम्ही येता का?"

सुगंधाने हळूच मान वळवली. स्वयंपाकघराच्या दारातून सहदेवची पाठ दिसत होती. तो ओट्यापाशी उभा होता.

"काकू? ऐकताय ना? थांबा, त्यांनाच देतो."

फोन हातातून हातात गेल्याचा आवाज झाला. मग धापा टाकणारा, खरखरीत, गिरणीच्या खडखडाटात घडलेला तो आवाज. जन्मभर ज्याच्यावर ती खेकसली होती, हळू बोला म्हणून.

"गे... सुगंधा. इरा पोचली मां?"

"पोचली," ती म्हणाली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. "बरी आसा. कालच फोन इलो. भांडतत दोगीव."

"झकास," तो म्हणाला. "मगे बरां झाला. तू काय हंय येव नको. आयकलंस? माका न्हेवक येशीत, तर तो परत चेडवाक..." त्याने वाक्य अर्धवट सोडलं. "माका हंय बरां आसा. थंड आसा, इतक्याच."

"अवो..."

"येक इचारूचा होता. त्या दिवशी मी आतसून हाका मारी होतंय तुका. तुझा लक्ष नव्हता, तू फोनार. मगे तू डोंगर उतरलंस ता माका दिसला. तुझो हात धरून... कोण होतो गे तो?"

फोन बंद झाला. तिने परत लावला. नंबर अस्तित्वात नसल्याचं बाई इंग्रजीत, मराठीत आणि हिंदीत सांगत राहिली.

कान्हेरी, टॅक्सी, गुहा... तिच्या पायांत निघण्याची ताकद होती. डोळ्यांपुढे मात्र इरा येत होती, उन्हात भिंतीकडे तोंड करून बसलेली. सुगंधाने फोन उशीखाली ठेवला, पदराने तोंड कोरडं केलं आणि पलंगावर बसून राहिली.

स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज झाला. मग तो बाहेर आला, दोन कप घेऊन. एक त्याने तिच्यापुढे धरला. कुणाचा फोन होता, हे त्याने विचारलं नाही. ती का रडली, तेही विचारलं नाही. तो तिच्या शेजारी टेकला, आणि ती काय सांगेल ते ऐकण्यासाठी मान किंचित खाली घालून थांबला.

सेहेचाळीस वर्षांच्या संसारात सहदेवने तिला एकदाही चहा करून दिला नव्हता. साखर कुठल्या डब्यात असते, हेही त्याला माहीत नव्हतं.

सुगंधाने कप दोन्ही हातांत धरला. चहा तिला आवडतो तसाच झाला होता, आलं घातलेला, थोडा कडक. ती तो शेवटच्या घोटापर्यंत प्याली.